शरणपूरचे आफ्रिकी तरुण : सहप्रवास आणि परस्परपरिचय (१८६६–१८७४)

भिन्न संस्कृतींतील तरुणांना रानावनात एकत्र धाडावे, एकाच वाटेने चालावयास व सारखीच ओझी वाहावयास लावावे, म्हणजे त्यांच्यातील परकेपणा आपोआप गळून पडतो, ही समजूत विसाव्या शतकातील शिक्षणविचारात चांगलीच रुजली. कुर्ट हान याने १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे जी शाळा काढली, तिच्यातून पुढे निघालेल्या संस्थांनी तर ह्या समजुतीस जवळजवळ सिद्धान्ताचे रूप दिले. सिद्धान्त आकर्षक आहे. तथापि तो पारखून घ्यावयाचा झाल्यास ज्यांनी असा प्रवास सुटीपुरता नव्हे तर वर्षानुवर्षे केला, त्यांच्याकडे वळावे लागते. असे एक उदाहरण नाशिकच्या इतिहासात आहे आणि त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात एकाच गावातून निघालेल्या तरुणांच्या दोन तुकड्या एकाच नेत्याबरोबर, जवळजवळ त्याच प्रदेशात गेल्या. पहिली विस्कटली, दुसरी टिकली. हा भेद कशाने पडला हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

नाशिक शहरातील शरणपूर रस्ता हे नाव आज अनेकांच्या तोंडी असते. ज्या वसाहतीवरून ते पडले तिची आठवण मात्र फारशी कोणास नाही. चर्च मिशनरी सोसायटीचे कार्य नाशकात १८३२ पासून चालू होते. १८५० नंतरच्या दशकात ह्या संस्थेच्या विल्यम सॉल्टर प्राइस प्रभृती पाद्र्यांनी शहराबाहेर ख्रिस्ती कुटुंबांसाठी स्वतंत्र गाव वसविले व त्याला शरणपूर हे नाव दिले. शरण आलेल्यांचे पूर हा मराठी कानाला सहज लागणारा अर्थ. बायबलमधील आश्रयनगरांची छायाही त्यात आहेच. ह्याच गावात आफ्रिकी मुलामुलींसाठी एक आश्रमही चालविला जाई. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडी, आणि त्यांतून सुटलेली मुले मुंबईस उतरविली जात. त्यांचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न सरकारपुढे असे. काही मुले शरणपुरास आली. तेथे त्यांना अक्षरओळख, इंग्रजी, ख्रिस्ती धर्माचे शिक्षण आणि सुतारकाम, लोहारकाम, शेती असे धंदे शिकविले जात.

मराठी वाचकाला आफ्रिकी माणूस माहीत असतो तो मलिक अंबराच्या किंवा जंजिऱ्याच्या सिद्दीच्या रूपाने, म्हणजे तलवार आणि सत्ता यांच्या संदर्भात. शरणपूरचे हे पोर त्या परंपरेत कोठेच बसत नाही. ते आले दुर्बल म्हणून आणि गेले दुसऱ्याच्या कामासाठी. आपल्या इतिहासलेखनाने त्याची दखल घेतली नाही, याचे एक कारण हेही असावे.

ह्या आश्रमाच्या आरंभीच्या काळाशी सी. डब्ल्यू. आयझेनबर्ग ह्या जर्मन पाद्र्याचे नाव निगडित आहे. भाषाभ्यासकाला ते दुसऱ्याच कारणाने परिचित असते. इथिओपियात काही वर्षे काढून त्याने अम्हारिक भाषेचा कोश (१८४१) व व्याकरण (१८४२) सिद्ध केले होते. त्यानंतर तो पश्चिम भारतात आला. आफ्रिकेतील एका भाषेचा जाणकार आफ्रिकेतील मुलांचा पालक झाला, हा योगायोग मोठा चांगला वाटतो. पण त्याचा उपयोग फारसा झाला नसणार. ही मुले आली होती ती बहुधा पूर्व आफ्रिकेच्या दक्षिणेकडील भागातून. त्यांच्यापैकी अनेकांची मातृभाषा याओ होती, आणि याओचे अम्हारिकशी नाते मराठीचे तमिळशी आहे तेवढेही नाही.

मुलांची मूळ नावे राहिली नाहीत. त्यांच्या जागी जी आली त्यांवर पाद्र्यांच्या कुटुंबांचा ठसा उघड दिसतो. रिचर्ड आयझेनबर्ग, सायमन प्राइस, कॅरस फॅरर. यांतील फॅरर हे आडनाव नाशिकच्या मिशनच्या आरंभीच्या पाद्र्याचे. नामकरण हा नव्या जन्माचा संस्कार मानला, तर त्यात जुन्या जन्माचा मृत्यूही येतोच. मॅथ्यू वेलिंग्टन याचे याओ नाव चेंग्विंबे होते, एवढे तरी टिकून आहे. इतर बहुतेकांच्या बाबतीत तेवढाही धागा हाती लागत नाही.

सप्टेंबर १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आला. नाईल नदीच्या उगमाचा शोध आणि गुलामांच्या व्यापाराची पाहणी हे त्याच्या नव्या मोहिमेचे हेतू होते. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे त्याला साह्य होते. नाशिकला जाऊन त्याने शरणपूरच्या तरुणांपैकी नऊ जण निवडले. मार्च १८६६ मध्ये हा तांडा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, रोवुमा नदीच्या परिसरात उतरला. तेव्हा त्यात १३ हिंदी शिपाई, कोमोरो बेटांतील जोहान्ना येथील १० जण, नाशिकचे ९, शुपांग्याचे सुसी व अमोदा हे दोघे आणि वेकातानी व चुमा हे दोन याओ तरुण होते. चुमा व वेकातानी यांना लिव्हिंग्स्टन व त्याचे सहकारी यांनी १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडविले होते. १८६४ पासून ते दोघे मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होते. जनावरेही बरोबर नेली होती : ६ उंट, ३ म्हशी व एक पारडू, २ खेचरे आणि ४ गाढवे. त्सेत्से माशीच्या दंशापुढे ती टिकतात की काय, हे लिव्हिंग्स्टनला पाहावयाचे होते.

कागदावर ह्याहून चांगली योजना सुचणे कठीण. पाच-सहा समाजांतील माणसे, त्यांत बरेच तरुण. नाशिकच्या मुलांना तर आफ्रिका व हिंदुस्थान अशा दोन्ही बाजूंचा परिचय. त्यांच्यामार्फत साऱ्यांचा मेळ बसावा. प्रत्यक्षात झाले ते याच्या उलट. शिपाई मागे रेंगाळू लागले, जनावरांचे हाल करू लागले, आणि नाशिकची मुले हळूहळू त्यांच्याच बाजूला झुकली. शिपाई मुलांना बिघडवितात, अशी तक्रार लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत आहे. हे बिघडविणे कोणत्या भाषेत चालले असेल याचा तर्क अवघड नाही. मुंबई इलाख्यात वाढलेली मुले आणि मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई यांना जोडणारी भाषा तांड्यातील दुसऱ्या कोणाची नव्हती, नेत्याचीही नव्हती. समान भाषा सलोखा निर्माण करते असे आपण धरून चालतो. येथे तिने तट निर्माण केला.

ह्या संदर्भात पारडाचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. मागे राहिलेल्या शिपायांनी ते मारून खाल्ले आणि वाघाने नेले अशी बतावणी केली. पट्टे पाहिले काय, असे लिव्हिंग्स्टनने विचारले. साऱ्यांनी एकमुखाने होय म्हटले. आफ्रिकेत पट्ट्यांचा वाघ नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. रोजनिशीत हा प्रसंग खोटारडेपणाचा नमुना म्हणून येतो, आणि तो तसा आहेही. परंतु भाषेच्या दृष्टीने त्यात आणखी काही आहे. मराठीत ‘वाघ’ हा शब्द बिबट्यालाही सर्रास लावला जातो. तेवढ्यावर थांबते तर शिपायांची थाप कदाचित पचली असती. पट्ट्यांना होकार देताच ते फसले, कारण त्यांनी आपले अरण्य बरोबर आणले होते. चार महिने ज्या रानातून चालत होते, ते त्यांनी पाहिलेच नव्हते. सोबत चालण्याने प्रदेशाची ओळख होतेच असे नाही, माणसांची तर त्याहून नाही.

जुलै १८६६ मध्ये शिपायांना परत पाठविण्यात आले. त्याच सुमारास नाशिकच्या मुलांपैकी रिचर्ड आयझेनबर्ग आजाराने वारला. सप्टेंबरात जोहान्नाचे लोक मुसा ह्या आपल्या नायकासह पळाले आणि लिव्हिंग्स्टनचा खून झाल्याची बातमी त्यांनी किनाऱ्यावर पसरविली. वेकातानीला वाटेत आप्त भेटले, तो तेथेच राहिला. पुढील वर्षांत नाशिकचेही एकेक जण गळत गेले. जून १८७० मध्ये लिव्हिंग्स्टन मान्येमा प्रदेशात पुढे निघाला तेव्हा त्याच्याबरोबर तिघेच होते : सुसी, चुमा आणि नाशिकचा एडवर्ड गार्डनर.

ह्या गळतीचा अर्थ कृतघ्नता असा लावण्याची रीत जुनी आहे. ती स्वीकारण्यापूर्वी अब्राहमची हकीकत वाचावी. मताका ह्या याओ सरदाराच्या गावी तांडा पोहोचला असता पाहावयास जमलेल्या गर्दीत अब्राहमला आपला मामा दिसला. ओळख पटली. तेव्हा कळले ते असे की, अब्राहमला गुलाम करून नेल्यानंतर त्याची आई व दोघी बहिणीही अरबांना विकल्या गेल्या होत्या. (लिव्हिंग्स्टनने वापरलेल्या इंग्रजी शब्दात मामा, काका दोन्ही येतात. याओ समाज मातृवंशीय असल्यामुळे आईच्या बाजूचा आप्त मानणे अधिक संभवनीय.) मामाने राहण्याचा आग्रह केला, मताकाने केला, लिव्हिंग्स्टननेही काही महिने पुरेल एवढा माल देऊ करून राहा म्हटले. त्याचे उत्तर एकच होते : जेथे आई नाही, बहीण नाही, तेथे राहू कसा?

मुलाला घर मिळाले, भाषा मिळाली, आप्त मिळाला. तरी तो परतला नाही, कारण तो ज्या घरी परतणार ते घर उरले नव्हते. दोन संस्कृतींमधील सेतू म्हणून ज्यांची निवड झाली होती ती मुले वस्तुतः दोन्ही तीरांवरून तुटलेली होती. सेतू म्हणून त्यांचा विचार करणाऱ्यांना हे दिसले नाही. लिव्हिंग्स्टनला ते त्या दिवशी दिसले असावे, एरवी हा संवाद त्याने इतक्या तपशिलाने लिहून ठेवला नसता. त्याचा परिणाम मात्र त्याच्या एकंदर मतावर झालेला आढळत नाही; नाशिकच्या मुलांविषयी त्याचा सूर पुढे कडवट होत गेला. आणि आपल्यापुढे आहे तो त्याचाच सूर. पहिल्या तुकडीतील कोणाही तरुणाचे स्वतःचे लेखन हाती नसल्यामुळे येथे फिर्यादीच साक्षीदारही झाला आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

दुसऱ्या तुकडीची गोष्ट निराळी आहे. लिव्हिंग्स्टनच्या साह्यार्थ लंडनच्या रॉयल जिऑग्रॉफिकल सोसायटीने १८७२ मध्ये एक मोहीम झांजीबारला पाठविली, तिच्यासाठी नाशिकचे सहा तरुण आले होते. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, कॅरस फॅरर, मॅथ्यू वेलिंग्टन ही त्यांतील काही नावे. स्टॅन्ली लिव्हिंग्स्टनला भेटून परतल्यामुळे ती मोहीम बारगळली. तेव्हा स्टॅन्लीने जो तांडा उन्यान्येंबेस रवाना केला त्यात हे तरुण सामील झाले. तांड्यात झांजीबारचे अनुभवी हमाल होते, आणि ऑगस्ट १८७२ मध्ये तेथे पोहोचल्यावर सुसी, चुमा, गार्डनर हे जुने सोबतीही भेटले. नाशिककर येथे बहुमतात नव्हते, मध्यस्थ नव्हते, खास निवडलेलेही नव्हते. मोठ्या जथ्यातील ते सहा नवखे होते. हा भेद महत्त्वाचा आहे.

बांगवेउलू सरोवराच्या दक्षिणेस चितांबो याच्या गावी मे १८७३ च्या आरंभी लिव्हिंग्स्टन वारला. येथवर जे घडले ते एका गोऱ्या माणसाच्या आज्ञेने घडले होते. येथून पुढचे कोणाच्याही आज्ञेने नव्हे. माणसे एकत्र बसली, बोलली आणि त्यांनी ठरविले की, देह किनाऱ्यापर्यंत न्यावयाचा. मृतदेह घेऊन परक्या मुलखांतून जाणे म्हणजे चेटक्याचा आळ ओढवून घेणे होय, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना पुरते ठाऊक होते. पुढील कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. चितांबोची संमती मिळविण्याचे व मुक्कामाच्या व्यवस्थेचे काम चुमा आणि सुसी यांनी पाहिले. देह उघडून आतील भाग काढण्याचे काम झांजीबारात एका डॉक्टरकडे चाकरी केलेल्या फरिजालाने, नाशिकच्या कॅरस फॅररला हाताशी घेऊन, केले. देह मीठ घालून सुमारे चौदा दिवस उन्हात वाळविला, मग कापडात, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळला. हृदय झाडाखाली पुरले, त्या वेळी जेकब वेनराइटने प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधी वाचला. पेट्या सर्वांसमक्ष उघडून आतील वस्तूंची यादीही त्यानेच केली.

शरणपूरच्या शिक्षणाचा उपयोग ह्या क्षणी प्रथमच स्वच्छ दिसतो. लिहिता येणारा माणूस तांड्याला हवा होता; तो नाशिकचा होता. पण वाट काढणारा, सरदाराशी बोलणारा, शव हाताळणारा, ओझी उचलणारा हेही तितकेच हवे होते आणि ते नाशिकचे नव्हते. प्रत्येकाचे कसब दुसऱ्यावाचून अपुरे होते, हे प्रत्येकाला कळत होते. पहिल्या तुकडीत ही स्थिती कधी आलीच नाही; तेथे सारे एकट्या नेत्यावर अवलंबून होते आणि परस्परांवर जवळजवळ नाही.

भाषेचेही तसेच. हा संवाद स्वाहिलीत चालला असला पाहिजे, असे अनुमान करण्यास हरकत नाही. झांजीबारच्या तांड्यांची ती व्यवहारभाषा होती. सुसीची ती मातृभाषा नव्हती, चुमाची नव्हती, जेकबचीही नव्हती. १८६६ मधील हिंदी भाषिकांच्या गटाशी ताडून पाहता एक गोष्ट लक्षात येते : ज्या भाषेवर एका गटाची मालकी होती तिने तांडा फोडला, जी जवळजवळ सर्वांनाच शिकून घ्यावी लागली तिने तो सांधला. एका उदाहरणावरून नियम बांधणे धाडसाचे ठरेल. तथापि संपर्कभाषांचा विचार करताना हा मुद्दा नजरेआड करता येत नाही.

ज्या झाडाखाली हृदय पुरले त्यावर जेकबने अक्षरे कोरली. तो भाग १८९९ मध्ये झाड तोडून लंडनला नेण्यात आला, त्यामुळे मजकूर उपलब्ध आहे : लिव्हिंग्स्टनचे नाव, ४ मे १८७३ ही तारीख (मृत्यूची तारीख म्हणून पुढे १ मे रूढ झाली), आणि खाली तीन नावे – यझुझा, म्नियासेरे, उचोपेरे. यझुझा म्हणजे सुसी. इतर दोघे स्टॅन्लीच्या तांड्याचे प्रमुख, ज्यांची नावे इंग्रजी ग्रंथांत मनुआ सेरा व चौपेरे अशी आढळतात. जेकबचे वर्णलेखन इंग्रज प्रवाशांहून वेगळे आहे, आणि ते कानाने ऐकून केलेले वाटते. त्याहून बोलका आहे तो नावांचा क्रम आणि त्यांतील उणीव. कोरणारा तरुण शिकलेला, बाप्तिस्मा झालेला, इंग्रजी जाणणारा. त्याने नावे घातली ती तांड्याच्या नायकांची. नाशिकच्या एकाचेही नाव त्यात नाही, त्याचे स्वतःचेही नाही. पाद्र्यांनी त्याला जे दिले होते त्यात उतरंडीचे हे भान होते की नाही कोण जाणे. ते बहुधा वाटेवरच त्याला मिळाले.

पुढचा प्रवास हजार मैलांहून अधिक आणि सुमारे नऊ महिन्यांचा. त्याला केवळ सौहार्दाची कथा समजू नये. चावेंदे याच्या गावी भांडण पेटले, तांड्याने गाव जिंकून घेतले, घरे जाळली, माणसे मारली आणि तेथेच काही दिवस मुक्काम ठोकला. आतील एकोपा बाहेरच्यांशी न्यायाने वागण्याची हमी देत नाही. ही बाजू सांगताना पुष्कळ लेखक घाईने पुढे जातात.

ऑक्टोबर १८७३ मध्ये उन्यान्येंबे येथे कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. देह येथेच पुरावा, असे त्याने सुचविले. तांड्याने नकार दिला. थोडे पुढे कासेकेरा येथे शव नेण्यास लोकांचा विरोध झाला, तेव्हा जी युक्ती योजली ती सर्वपरिचित झाली आहे. ज्वारीसारख्या धान्याची ताटे कापडात गुंडाळून प्रेताच्या आकाराचे बोचके केले. सहा जण ते घेऊन दफनासाठी परत उन्यान्येंबेकडे निघाले, रानात त्यांनी ते मोडून फेकले आणि रात्री आडवाटेने ते तांड्यास येऊन मिळाले. खरा देह कापडाच्या साध्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेला. गावकऱ्यांना नेमके कशाचे भय वाटते, दफनाची कोणती खूण त्यांचे समाधान करील, व्यापारी गठ्ठा कसा दिसतो, ह्या तिन्ही गोष्टी ज्यांना आतून माहीत होत्या त्यांनाच हे सुचू शकते. पट्ट्यांच्या वाघाची थाप आणि ताटांचे बोचके ह्या दोन्ही लबाड्याच; पहिली परक्या रानात फसली, दुसरी साधली. मधल्या सात वर्षांत काय बदलले होते ते ह्या दोहोंच्या तुलनेत जितके दिसते तितके कोणत्याही निवेदनात दिसत नाही.

फेब्रुवारी १८७४ मध्ये देह बागामोयोस पोहोचला. तेथे माणसांचा हिशेब चुकता करून त्यांना निरोप देण्यात आला. मिशनरी सोसायटीने खर्च सोसल्यामुळे एकटा जेकब देहाबरोबर इंग्लंडला गेला व १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीबरोबर चालला. चुमा व सुसी उशिरा पोहोचले, आणि होरेस वॉलर याने रोजनिशी संपादिली ती मुख्यतः त्या दोघांच्या तोंडी माहितीच्या आधारे. जेकबची स्वतःची रोजनिशी त्याच वर्षी जर्मन अनुवादाने पीटरमानच्या नियतकालिकात आली. फॅररचे निवेदन तर १९५० मध्ये ‘युगांडा जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे नाशिकच्या तरुणांची बाजू प्रस्थापित कथनात दुय्यम राहिली. जिऑग्रॉफिकल सोसायटीने तांड्यातील लोकांसाठी ६० पदके पाडली. तोवर माणसे पांगली होती.

शरणपूरच्या आश्रमाचाही शेवट जवळ आला होता. जून १८७३ च्या तहाने झांजीबारचा गुलामबाजार बंद झाला, आणि मुक्त झालेल्यांसाठी मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही वसाहत निघाली. तिची उभारणी करण्यास १८७४ मध्ये प्राइस गेला. नाशिकचे अनेक जण तिकडे शिक्षक, कारागीर, उपदेशक म्हणून गेले. विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर हे तर १८६४ पासूनच रबाई येथे होते, आणि १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने त्या दोघांना धर्माधिकाराची दीक्षा दिली. आफ्रिकेत ह्या साऱ्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. हिंदुस्थानात जे आफ्रिकी होते ते आफ्रिकेत मुंबईचे ठरले.

त्याच फ्रिअरटाउनच्या स्मृतीतून जेम्स म्बोतेला याचे ‘उहुरु वा वातुम्वा’ हे स्वाहिली पुस्तक १९३४ मध्ये निघाले. शीर्षकाचा अर्थ गुलामांचे स्वातंत्र्य. स्वाहिलीत गुलामाला ‘म्तुम्वा’ म्हणतात. तो ‘तुमा’, म्हणजे धाडणे, ह्या धातूच्या कर्मणी रूपापासून झालेला शब्द. शब्दशः अर्थ धाडलेला. शरणपूरच्या तरुणांना मुंबईस धाडले, नाशिकला धाडले, रोवुमावर धाडले. चितांबोच्या गावापासून बागामोयोपर्यंतचे नऊ महिने तेवढे त्यांना कोणी धाडलेले नव्हते.

जेकब वेनराइट १८९२ मध्ये उरांबो येथे वारला, चुमा त्याच्या दहा वर्षे आधी झांजीबारला. मॅथ्यू वेलिंग्टन, पूर्वीचा चेंग्विंबे, मोंबासास १९३५ पर्यंत जगला.